पांदणीखालचं हाड

आमच्या गावच्या ग्रामपंचायतीत काचेच्या कपाटात डायनासोरची अंडी ठेवलेली आहेत. खाली लाल मखमल, वर ट्यूबलाइट, समोर पाटी: हात लावू नये. ती अंडी नाहीत. नाल्यातले काळे गोटे आहेत. जे खरं होतं, ज्याच्यासाठी मी अर्धा जन्म डोळे लावून बसले होते, त्याच्यावरून आज माझ्या सख्ख्या भावाचा ट्रॅक्टर जातो. गावात सांगून सांगून माझी जीभ झिजली. पालथ्या घड्यावर पाणी. म्हणून आता कागदावर लिहिते, कागद निदान मध्ये बोलत नाही.

मी चिखलीला हायस्कुलात भूगोल शिकवते. माहेर उंद्रीच्या बाजूचं. बाबांनी मला अमरावतीला शिकायला ठेवलं तेव्हा मी भूगर्भशास्त्र घेतलं, आणि गावाला हसायला एक विषय मिळाला. "दगडं शिकाले अमरावतीले काऊन जा लागते? आपल्या धुऱ्यावर काय कमी हायेत?" शिकून आले तर त्या शिक्षणाची नोकरी जिल्ह्यात कुठं असणार! बी.एड. केलं आणि भूगोलाच्या फळ्यासमोर उभी राहिले. पोरं पाठीमागे मला 'गोटेबाई' म्हणतात, ते मला माहीत आहे.

पण खूळ काही गेलं नाही. आमच्या जिल्ह्यात कुठंही खणा, काळा दगड लागतो. लाव्हाचा. हा लाव्हा एकाच दमात वाहिलेला नाही. एक थर यायचा, थंड व्हायचा, त्यावर पाऊस पडायचा, तळी साचायची, तळ्यात गोगलगायी व्हायच्या, काठाला झाडं उगवायची, जनावरं पाण्यावर यायची. मग पुन्हा लाव्हा, आणि सगळं झाकून टाकलेलं. त्या दोन काळ्या थरांच्या मध्ये कुठंकुठं जुन्या तळ्याचा गाळ दगड होऊन बसलेला असतो. आणि तो काळ म्हणजे सरपटणाऱ्या प्राण्यांचं राज्य संपत आलं होतं तो. मी रविवारी हातोडी घेऊन नाल्यानाल्यानं फिरायची. काळ्या दगडाच्या पोकळ्यांत पांढऱ्या गारगोट्या सापडायच्या, लोक त्यांना राक्षसाचे दात म्हणायचे. गाळाचा दगड काही भेटला नाही. पुस्तकात होता, आमच्या मातीत नव्हता.

मग एका उन्हाळ्यात दादानं विहीर खोदायला घेतली. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, शेती तोच बघतो. एके दिवशी दुपारी त्याचा फोन आला, कुरकुर करायला. "काळा फत्तर फोडू फोडू जीव गेला, अन् आता खाली पांढरं लागलं. सुरुंगाचीबी गरज नाई, सबलीनं निघून राह्यलं. विहीर ढासळते का काय कोन जाने!"

मी विचारलं, "पांढरं म्हणजे कसं? पापडाची चळत उलगडावी तसं पदरापदरानं सुटतं का?"

"हाव. पन तुले घरी बसून कसं समजलं वं?"

मी उत्तर द्यायला थांबले नाही. स्कूटी काढली.

ढीग दुरूनच दिसला. काळ्या मलब्याच्या शेजारी पिठासारखा पांढुरका ढीग. पहिलाच तुकडा उचलला आणि उन्हाकडे धरला. अंगठ्याच्या नखाएवढ्या गोगलगायी, दगडात अशा चिकटलेल्या की आताच भिंतीवरून काढल्यात. शंखाचं टोक वर करून तोंड आपल्याकडे धरलं तर ते डावीकडे उघडत होतं. हीच त्यांची खूण. बहुतेक गोगलगायी उजव्या, या डाव्या. मी पर्समधून ॲसिडची बाटली काढून दोन थेंब टाकले. फस्सकन फेस आला. काळ्या दगडावर टाकले, काही नाही. चुनखडीचा गाळ, गोड्या पाण्यातला, दोन लाव्हांच्या मध्ये दबलेला. पुस्तकातलं वाक्य माझ्या भावाच्या वावरात येऊन पडलं होतं. मला रडू आलं, खोटं कशाला बोलू?

आणि मग तो धोंडा दिसला. चांगला चुलाणाएवढा, दोघांना न हलणारा. त्याच्या एका बाजूनं तपकिरी काहीतरी बाहेर आलं होतं, माझ्या मनगटाएवढं जाड आणि वीतभर लांब. बाकीचं आत. मी वाकले आणि जीभ लावली.

खोदणारे गडी काम सोडून बघत राहिले. वहिनी डबा घेऊन आली होती, तिनं तर डोक्यालाच हात लावला. "अवं माय! ताई, कायले दगड चाटून राह्यल्या?"

जुनं हाड जिभेला चिकटतं. त्यात बारीक बारीक छिद्रं असतात, ती ओल ओढून घेतात. हे चिकटलं. पण तेवढ्यानं भागत नाही, चुनखडीचा गाळही जिभेला चिकटतो, म्हणून भिंग काढलं. बाहेरून घट्ट कड, आत पावासारखी जाळी. दगड असा नसतो, लाकूडही असं नसतं. हाड होतं. कशाचं? कासवाच्या पाठीचं नक्की नव्हतं. मगरीचं असेल, किंवा त्याहून मोठ्या कशाचं. ते मला सांगता येत नव्हतं, आणि जे सांगता येत नाही ते मी सांगत नाही. आमच्या तालुक्यात हा फार मोठा दुर्गुण आहे.

माझ्याबरोबर अमरावतीला शिकलेला एक जण आता नागपूरला प्राध्यापक आहे, त्याचा विषयच ही हाडं. त्याला फोटो पाठवले. त्याचा लगेच फोन. "हात लावू नकोस. छिन्नी तर अजिबात नको, भुगा होईल. धोंडा आहे तसाच राहू दे, मी येऊन प्लास्टर गुंडाळून नेतो. आणि ढीगही हलवू देऊ नको, त्यात उरलेले तुकडे असणार. परीक्षा आटपल्या की आलोच."

विहिरीतला थर काही टिकणार नव्हता, हे मलाही कळत होतं. पांढरा दगड मऊ, पावसाळ्याआधी आतून काँक्रीट केलं नसतं तर काठच खाली आला असता. ते मी दादाला करू नको म्हटलंच नाही. मी फक्त ढीग मागितला. "दादा, भिंत बांध खुशाल. पण हा ढीग नि हा धोंडा प्राध्यापक येईपर्यंत हलवायचा नाही. जन्मात एकदा तुझ्याजवळ काहीतरी मागते."

"काय वं, मी काय बह्याड हाओ का? कोन नेते तुहे गोटे? राहू दे पडून."

मी धोंड्यावर जुनं पोतं टाकलं, चार कोपऱ्यांवर दगड ठेवले. शिकलेल्या बाईनं करायचं ते सगळं केलं.

त्याच आठवड्यात विहिरीला पाणी लागलं. आमच्याकडे पाणी लागलं की काठावर आसरा मांडतात. आसरा म्हणजे पाण्यातल्या सात देवी. सात दगड ओळीनं मांडायचे, शेंदूर-तेल लावायचं, खण-नारळानं ओटी भरायची, दहीभाताचा नैवेद्य. वहिनीनं सात दगड कुठून घ्यावेत? माझ्याच ढिगातून! पांढरे म्हणून तिला आवडले. मी म्हटलं, "वहिनी, अहो गोगलगायी आहेत त्यात. लाखमोलाच्या आहेत. शेंदूर कशाला थापता?"

ती हसली. "असू द्या ना ताई. त्याईलेबी पान्याजवळच राहाची सवय."

मी तोंड वाकडं केलं, पण हाडाचा धोंडा तर शाबूत होता. सातांवर पाणी सोडलं. नैवेद्याचा दहीभातही खाल्ला.

आता खरी गंमत. मी दादाला एवढंच म्हणाले होते की हा डायनासोरच्या वेळचा दगड आहे. दादानं ते पारावर सांगितलं. पारावरून ते मोबाइलमध्ये गेलं आणि मोबाइलमधून तालुकाभर. एका यूट्यूब चॅनेलवाल्यानं माईक घेऊन विहिरीवर फेरी मारली. पांढऱ्या ढिगाकडे त्यानं ढुंकून पाहिलं नाही, भुकटी काय दाखवायची! त्याला आकार पाहिजे होता. आणि आकार आमच्या नाल्यात भरपूर. काळा दगड कुजताना कांद्यासारखा गोल गोल सोलत जातो, एक पापुद्रा गळतो, आत दुसरा, आणि शेवटी मध्ये गुळगुळीत गोळा उरतो. आमच्याकडच्या कोणत्याही मुरमाच्या खाणीत बघा, ओळीनं मांडलेले दिसतात. त्या दिवशी गावाला एकदम साक्षात्कार झाला की ही अंडी आहेत.

मग काय विचारता! जो उठतो तो नाल्यात. कुणी डोक्यावर, कुणी मोटरसायकलच्या टाकीवर ठेवून अंडी आणतोय. दादानंही धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, दोन आणून ओसरीत ठेवली. त्याला मी समजावलं.

"अरे, हे अंडं नाही. हा आपला काळा दगड. कुजलाय."

"तूच म्हनली ना डायनासोरच्या टायमाचं? मंग अंडं काऊन नसन?"

"पांढरा दगड त्या वेळच्या तळ्याचा. हा लाव्हा. उकळत्या लाव्ह्यात कोण अंडी घालेल?"

"तुले सारंच मालूम हाये," दादा म्हणाला आणि अंड्यावरची धूळ पुसत बसला.

शेवटी मी पारावर गेले. सगळ्यांसमोर एक गोटा ठेवला आणि हातोडीनं फोडला. म्हटलं, बघा, अंडं असतं तर बाहेर पातळ कवच वेगळं दिसलं असतं आणि आतलं भरताड वेगळं. हा बाहेरून आतपर्यंत एकच दगड आहे, कांदा आहे कांदा. सगळे वाकून बघत होते. मला वाटलं, पटलं बाई एकदाचं. तेवढ्यात एक म्हातारबा हळहळले, "अरारा, फोडलं न् अंडं! पाप लागन बाई तुले." त्या दिवसापासून गोटेबाईची 'अंडंफोडी' झाली. आणि गंमत म्हणजे उरलेल्या गोट्यांची किंमत वाढली, कारण एक फुटलं होतं.

हे सगळं आमच्या भागातल्या एका पुढाऱ्याच्या कानावर गेलं. ते अंडी बघायला येणार, त्यांच्या हस्ते कपाटाचं उद्घाटन होणार असं ठरलं. कार्यक्रम विहिरीजवळ, आमच्याच वावरात, कारण चॅनेलवर तीच जागा दिसली होती. फक्त एक अडचण होती. वावराकडे जायला पांदण, म्हणजे दोन्हीकडे बाभळी आणि मधून बैलगाडीची वाट, पावसात गुडघाभर गारा, म्हणजे चिखल, आणि उन्हाळ्यात चाकोऱ्या. पुढाऱ्यांची पांढरी मोठी गाडी तिथून जाणार कशी? तर रस्ता करा. कितीतरी वर्षं लोक अर्ज करत होते तो पांदण रस्ता नाल्यातल्या गोट्यांच्या पुण्याईनं मंजूर झाला.

मला हे सगळं कानोकानी कळत होतं. मी तेव्हा बुलढाण्याला, बोर्डाचे पेपर तपासायला बसवलेली. दादाला मी दोनदा फोन केला. ढीग आहे ना रे? हाव ना, हाये. दुसऱ्यांदा तो म्हणाला, "तू येच ना कार्यक्रमाले. तुहं नावबी छापलं." खरंच छापलं होतं. पत्रिकेत माझ्या नावापुढे 'भूगर्भतज्ज्ञ' होतं. काय सांगू, मला बरं वाटलं. एवढ्या वर्षांत त्या शब्दानं मला कुणी हाक मारली नव्हती.

कार्यक्रमाच्या दिवशी मी स्कूटीवरून पांदणीला वळले. रस्ता छान झाला होता. वर मुरूम, रोलर फिरवलेला, पताका लावलेल्या. मी मनात म्हटलं, चला, अंड्यांनी काहीतरी भलं केलं. मग कडेला नजर गेली. मुरमाखालून कडेनं पांढरं डोकावत होतं. मी गाडी थांबवली. खाली उतरून एक तुकडा उचलला. त्यात गोगलगाय होती, डावीकडे तोंड उघडलेली.

तिथून विहिरीपर्यंत मी गाडी हातानं ढकलत नेली. चाकाखाली काय चिरडतंय ते मला बघवत नव्हतं. वावरात मांडव, खुर्च्या, माईक, आणि समोर मखमलीवर अंडी मांडलेलं काचेचं कपाट. ढीग होता तिथं खुर्च्या मांडल्या होत्या. धोंडा नाही. पोतं मात्र होतं. दादानं ते झटकून, नीट घडी करून विहिरीच्या कठड्यावर ठेवलं होतं.

मी दादाला मांडवामागे ओढलं. "ढीग कुठाय?"

"अवं, भरन कमी पडलं. जेसीबीवाला म्हने जवळचं द्या. हा जवळ होता."

"धोंडा?"

"थो त फुटूनच राह्यलता. रोलरखाली सारं बराबर बसलं." आणि वर समजूत घालायला: "मऊ दगड, खाली टाकाले बरा असते."

जवळ होता. एवढंच कारण. लाव्हाखाली कोट्यवधी वर्षं जे टिकलं, ते माझ्या भावाला जवळ पडलं म्हणून संपलं. मला त्या वेळी त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली, आणि द्यायला पाहिजे होती. पण माईकवरून माझं नाव पुकारलं गेलं.

माझ्याआधी पुढारी बोलले. म्हणाले, लोणारला उल्का पडली, तिच्या दणक्यानं डायनासोर मेले, आणि त्यांची अंडी उडून आपल्या या पावन भूमीत आली. टाळ्या. आता लोणार काय आमच्यापासून लांब आहे? सहली जातात पोरांच्या! मी उभी राहिले. म्हटलं, लोणारची उल्का काळ्या दगडावर पडली, म्हणजे काळा दगड तिच्या आधीचा. आणि डायनासोर त्या काळ्या दगडाच्या वेळीच संपले. मेलेल्यांना उल्का पुन्हा कशी मारणार? म्हटलं, ही मखमलीवरची अंडी नाहीत, नाल्यातले गोटे आहेत. खरं हाड इथं, आत्ता तुम्ही खुर्च्या टाकून बसलात तिथं होतं, आणि ते तुम्ही रस्त्यात घातलंत. तुम्ही सगळे त्याला तुडवत आलात.

मग सूत्रसंचालक पुढे आला, हसत माझ्या हातातून माईक घेतला आणि म्हणाला, "मॅडमनी अत्यंत मोलाचं मार्गदर्शन केलं, जोरदार टाळ्या होऊन जाऊ द्या." आणि जोरदार टाळ्या झाल्या. मला शाल दिली. नारळ दिला. आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं म्हणतात, इथं तर दळणारीला शाल घालून पीठ कुत्र्यापुढे ठेवलं.

मांडव उठल्यावर दादा माझ्यावर तुटून पडला. "चार लोकाईत मले खाली पाह्याले लावलं तू! साहेब काय म्हनले असतीन?"

"आणि तू? तू मला शब्द दिला होतास."

"एका गोट्यासाठी?"

"हाड होतं ते!"

तेव्हा तो ओरडला, "हाड, हाड! माय बिमार पडली तवा याच पांदणीनं खाटेवर टाकून नेली आमी तिले. कमरेइतक्या गाऱ्यातून. दवाखान्यात जाऊ जाऊ वाटंतच गेली ते. तवा तू अमरावतीत गोटे शिकून राह्यलती. तवा कुठं होती तुही गोगलगाय?"

रस्ता पाहिजेच होता. रस्ता नको असं मी कधी म्हटलं? पण त्या पांढऱ्या ढिगापासून वीस पावलं पलीकडे विहिरीतूनच निघालेल्या काळ्या दगडाचे ढीगच्या ढीग पडले होते. आईचं नाव काढून त्यानं माझं तोंड बंद केलं, आणि त्याला ठाऊक होतं की ते बंद होईल. तो राग अजून गेलेला नाही. दिवाळीला मी जाते, भाऊबीजेला ओवाळते, पण ओवाळताना त्याच्या डोळ्यांत बघत नाही.

परीक्षा लांबल्या, मग पावसाळा लागला, प्राध्यापक आला तो पाऊस उघडल्यावर. बैल गेला नि झोपा केला. त्याला तरी काय बोलू, तो बिचारा प्लास्टर, पट्ट्या, ब्रश सगळं घेऊन आला होता. फोनवर मी त्याला धड सांगितलं नव्हतं, लाज वाटत होती. गाडीतून उतरताच म्हणाला, "वा, रस्ता झकास आहे तुमच्याकडे. कुठंय हाड?"

"तू त्याच्यावरूनच आलास," मी म्हणाले.

तो कितीतरी वेळ रस्त्याच्या कडेनं वाकून चालत राहिला. तुकडे मिळाले, गोगलगायी मिळाल्या, हाडाचा एक कण नाही. उकरून पाहू का म्हणाला. दादा म्हणाला, साहेबाईचा रस्ता हाये, खोदता येत नाई. विहिरीत डोकावून पाहिलं, आतून गुळगुळीत काँक्रीट. फोटोत हाड दिसत होतं, पण फोटोवरून कोणत्या प्राण्याचं ते सांगता येत नाही, असं तो खाली मान घालून म्हणाला. मगर असेल. त्याहून मोठंही असेल. आता ते कधीच कळणार नाही.

परत निघताना त्याची नजर काठावरच्या आसरांवर गेली. शेंदरानं माखलेले सात दगड. तो गुडघे टेकून बसला, भिंग काढलं. "अगं, हे तर बघ! यात किती सुंदर शंख आहेत, एकही फुटलेला नाही!"

वहिनी पुढे आली. "सर, चप्पल काढा."

त्यानं गडबडीनं चप्पल काढली. मग हळूच विचारलं, यातला एखादा नेऊ का, अभ्यासाला? वहिनीनं दोन्ही कानांच्या पाळ्यांना हात लावला. आणि दादा, माझा दादा, ज्यानं अख्खा ढीग जेसीबीच्या तोंडात दिला, तो छाती पुढे काढून म्हणाला, "नाई नाई, देवाले कसं उचलू देऊ? जेसीबीवालाबी नेऊन राह्यलता, मीच नाई म्हनलं. म्हनलं, त्याले हात नाई लावाचा."

जेसीबी इथपर्यंत आला होता. काठाला टेकला होता. दादा आडवा उभा राहिला होता, आणि त्याच्या एका शब्दानं यंत्र मागे फिरलं होतं. म्हणजे त्याला अडवता येत होतं. त्यानं सात गोटे वाचवले आणि माझा धोंडा दिला, कारण त्यांच्यावर शेंदूर होता आणि त्याच्यावर पोतं. मी हसत सुटले. प्राध्यापकाला वाटलं मी रडते आहे, त्यानं पाण्याची बाटली पुढे केली.

यंदाच्या उन्हाळ्यात कळलं की पलीकडच्या गावात एकाच्या विहिरीतून पांढरं निघतंय. रविवारी मी गेले. मालक ओळखीचा नव्हता. ढिगाभोवती फिरले, ॲसिड टाकलं, फेस आला. जीभ लावायला आता मी लाजत नाही. हाड काही मिळालं नाही, पण एक पाटाएवढा तुकडा मिळाला, त्यात गोगलगायी आणि बाजूला माशाचे खवले वाटावेत असं काहीतरी चमकत होतं. एकटीला उचलणं शक्य नव्हतं. मालकाला मी काहीच समजावलं नाही. लाव्हा नाही, तळं नाही, सरपटणारे प्राणी नाहीत. गडी जेवायला बसले तेव्हा पर्समधून शेंदराची पुडी काढली, वहिनीकडून मागून आणलेली. पाठीमागच्या कोऱ्या बाजूला, जिथं काही बिघडणार नाही तिथं, चांगलं बोट बोट भरून थापलं. वर दोन फुलं ठेवली. माझ्या पदवीला साक्षी ठेवून हात जोडले.

मागून मालकाचा आवाज आला. "कोन देव हाय मॅडम?"

"लय जुना हाय," मी म्हणाले.

त्यानं मुकाट्यानं चप्पल काढली.